साठ माग, पण आधी साहेबाशी बोल

"ताई, जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या कंपनीची वर्षाला ५७ हजार युरोंची ऑफर आहे. साठ मागू का? आणि हिंजवडीतला राजीनामा आत्ताच टाकू का?" असं तू विचारलंस. राजीनाम्याचं आधी सांगते: अजिबात टाकू नकोस. ऑफरचा मेल म्हणजे करार नव्हे. सह्या झालेला करार आणि व्हिसा दोन्ही हातात पडू देत. तुझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे, हे त्यांना आजच कळव आणि रुजू व्हायची तारीख त्या हिशेबाने लिहून घे. जर्मनीत ३ महिन्यांची नोटीस कुणाला नवी नाही.

साठ माग, कुणी रागावत नाही. फक्त वरच्या ३ हजारांतले जेमतेम निम्मे हातात येतात, महिन्याला साधारण सव्वाशे युरो. इथे सीटीसीची, म्हणजे कंपनीचा सगळा खर्च पगारात धरायची, भानगड नाही. ५७ म्हणजे कर आणि विम्याचा तुझा वाटा कापायच्या आधीचा पगार. बायको सध्या चिंचवडलाच राहणार असेल, तर टॅक्स क्लास १ (एकट्या माणसाचा कर-गट) लागेल आणि दरमहा ३ हजारांच्या आसपास मिळतील. ती इकडे आली की क्लास ३ घेता येतो, तेव्हा कर कमी कापला जातो आणि बराच फरक पडतो. खरी चणचण सुरुवातीला असते, कारण घरमालक डिपॉझिट म्हणून ३ महिन्यांचं मूळ भाडं मागू शकतो. म्हणून मी तुझ्या जागी असते तर विमानाचं तिकीट आणि पहिल्या २-३ महिन्यांची राहायची सोय यावर जोर दिला असता. एकदाच करायच्या खर्चाला कंपन्या लवकर तयार होतात. सुट्ट्याही बघ. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस मिळतात, पण २८-३० देणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत.

आता जे तू विचारलंच नाहीस ते. तुझ्या मुलाखती एचआर आणि दोन इंजिनिअरांनी घेतल्या. ज्याच्या हाताखाली काम करायचंय, त्याच्याशी बोललास का?

मी बोलले नव्हते. पहिल्या नोकरीत पगार बघून सही ठोकली. साहेब मीटिंगमध्ये "यावर आक्षेप?" असं विचारायचा आणि मी आपली पुण्याच्या सवयीने मान डोलवायचे, नंतर शंका असल्या तर मेल करायचे. मला तो आदर वाटायचा, त्याला वाटायचं हिला काही कळतच नाही. दोष दोघांचा. पण प्रोबेशन ६ महिन्यांचं असतं आणि त्या काळात २ आठवड्यांची नोटीस पुरते, कारणही द्यावं लागत नाही. मला पाचव्या महिन्यात पत्र मिळालं. नोकरी गेली की ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणारा नोकरीचा आणि राहण्याचा परवाना) नवी शोधायला साधारण ३ महिने मिळतात. मला दुसऱ्या महिन्यात मिळाली, पण त्या काळात आईला फोनवर "सगळं छान चाललंय" म्हणताना घसा कोरडा पडायचा.

तेव्हा अर्धा तास माग तुझ्या होणाऱ्या साहेबाकडे. विचार की आधीचा माणूस का गेला, पहिल्या ३ महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय हवंय, टीम आपसात कुठल्या भाषेत बोलते. "इंग्रजी चालेल" म्हणणाऱ्यांची जेवणाच्या टेबलावर जर्मनच चालते. मग ऑफिसच्या वेळेत जर्मनचा क्लास करारात घालून घे. मॅक्समुल्लर भवनात दोन लेव्हल केल्या आहेस म्हणून गाफील राहू नकोस, इकडची श्वाबियन बोली ऐकलीस की पहिल्या इयत्तेत बसशील! साहेब बोलायलाच टाळाटाळ करत असेल, तर मी साठलाही हो म्हणणार नाही.

करार दोन भाषांत आला तर कोणता मजकूर ग्राह्य हे शेवटी लिहिलेलं असतं, बहुधा जर्मनच. "ओव्हरटाइम पगारात धरला आहे" असं मोघम वाक्य दिसलं की किती तास ते विचार. वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडली तर स्थलांतराचा खर्च परत, हे कलमही शोध. रक्कम दरमहा कमी होत जाईल असं लिहून माग. प्रोबेशनमध्ये त्यांनीच काढलं तर पैसे परत द्यायचे नाहीत, एवढं एक वाक्य मात्र सोडू नकोस.

करार आला की नाव आणि पगार खोडून ती पानं पाठव. रविवारी निवांत वाचते.