वाचकांचे प्रश्न : इतिहासाच्या अभ्यासक्रमाचा आढावा

प्रश्न : आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी असून विद्यापीठाला संलग्न आहे. बी. ए. इतिहासाच्या अभ्यासक्रमाचा आढावा घेऊन अहवाल द्यावा, असे प्राचार्यांनी विभागाला कळवले आहे. काही सहकाऱ्यांच्या मते मराठवाड्याच्या इतिहासाची एक अभ्यासपत्रिका वाढवली की पुरे. काहींना स्पर्धा परीक्षांना धरून अभ्यासक्रम हवा आहे. सुरुवात कोठून करावी, आणि संलग्न महाविद्यालयाच्या हातात असते तरी किती?
— एक विभागप्रमुख, जि. परभणी

उत्तर : सुरुवात अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेपासून न करता विद्यार्थ्यांच्या लेखनापासून करावी. तिसऱ्या वर्षाचे काही प्रकल्प, चांगले, मध्यम आणि कच्चे असे तिन्ही प्रकारचे, विभागातील सर्वांनी एकत्र बसून वाचावेत. माहिती कोठून घेतली हे विद्यार्थ्याने सांगितले आहे का, आणि दोन साधनांत मेळ बसत नसेल तेव्हा त्याने काय केले, एवढे दोन प्रश्न लावले तरी बरेच कळते. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील प्रकल्पात 17 सप्टेंबर 1948 ही तारीख असते, नेत्यांची नावे असतात. पण 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी का आली, याचा विचार नसेल, तर दोष विद्यार्थ्याला देण्याआधी आपण तीन वर्षांत तसा प्रश्न त्याला कधी विचारला होता का, हे पाहावे लागते. त्यासाठी पहिल्या आणि शेवटच्या सत्राच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवाव्यात. दोन्हींत ‘कारणे व परिणाम लिहा’ एवढेच असेल, तर पुस्तिकेतील अध्ययन निष्पत्ती, म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय यावे याची विधाने, कितीही नेटक्या असोत, विद्यार्थी पुढे सरकलेला नाही.

मराठवाड्याची स्वतंत्र अभ्यासपत्रिका असावी, असे मलाही मनापासून वाटते. परंतु तेवढ्याने काम झाले असे मानणे मला घातक वाटते. पैठण आणि तेर येथील सातवाहनकालीन व्यापार प्राचीन भारताच्या अभ्यासपत्रिकेतच शिकवला पाहिजे आणि 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबर या अहमदनगरच्या निजामशाहीतील वजिराची जागा मुघलकाळाच्या मुख्य विवेचनात आहे. नाहीतर विद्यार्थी दिल्लीचा इतिहास एका वहीत आणि आपल्या जिल्ह्याचा दुसऱ्या वहीत लिहितो, आणि एकाच काळात दोन्हीकडे काय चालले होते हे त्याच्या नजरेसमोर एकत्र येतच नाही.

मूळ साधनांचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. निजामी राजवटीतील कागद पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्यांवर फसली, म्हणजे महसुली कामकाजातील, सन असतो. फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येते, हे ज्याला शिकवलेले नाही, तो फसली 1357 चा कागद थेट बहमनी काळात नेऊन बसवील. प्रत्यक्षात तो 1947-48 चा, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या ऐन धामधुमीतला असतो. बी. ए. होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने असा एक तरी कागद शिक्षकाबरोबर बसून वाचलेला असावा. आढाव्यात मी सर्वांत जास्त वेळ याच मुद्द्याला देईन.

अभ्यासपत्रिका विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, हे खरे. तरीही प्रकल्पांचे विषय, क्षेत्रभेटी, ग्रंथखरेदी आणि मोडीचा प्रमाणपत्र वर्ग यांत विभागाला पुष्कळ करता येते. जे आपल्या हातात नाही, ते विद्यार्थ्यांच्या लेखनाचे नमुने जोडून अभ्यास मंडळाकडे लेखी पाठवावे. नुसत्या मागणीपेक्षा अशा पत्राला वजन असते. स्पर्धा परीक्षांसाठी वेगळी वाट काढण्याची गरज नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वर्णनात्मक उत्तरेच लिहावी लागतात, आणि पुरावा तोलून लिहिण्याची सवय तेथेही उपयोगी पडते.

प्रश्न : नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी, आम्ही विद्यार्थ्यांकडून अभिप्राय-अर्ज भरून घेतो. आढाव्यासाठी तेवढे पुरेसे आहे का?
— एक प्राध्यापिका, लातूर

उत्तर : नाही. त्या अर्जांतून शिकवणे आवडले की नाही एवढेच कळते. पदवी घेऊन काही वर्षे झालेले माजी विद्यार्थी बोलवावेत. शाळेत शिकवणारे, वकिली करणारे आणि शेती सांभाळणारेही त्यांत असावेत, आणि वर्गात शिकलेले काय कामी आले, काय शिकायचे राहून गेले, हे त्यांना सविस्तर विचारावे. दुसऱ्या विद्यापीठातील एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकांनाही बैठकीला बोलवावे, मात्र प्रकल्पांच्या प्रती त्यांच्याकडे आधीच पाठवाव्यात, म्हणजे चर्चा औपचारिक राहणार नाही.