नव्या आशाताईला: बाळाच्या अंगावरचे निळे डाग बघून घाबरण्याआधी

अगं, पहिल्याच आठवड्यात सगळं पुस्तक पाठ करू नकोस. रक्तवाहिनीची भिंत घट्ट राहायला क जीवनसत्त्व लागतं, रक्त गोठायला के. नव्या मुली इथंच गल्लत करतात.

के आईच्या दुधात फार कमी. तिनं रोज पालेभाजी खाल्ली तरी बाळाला जन्मल्यावर मांडीत १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतंच. घरी गेलीस की आधी कार्डावर ती नोंद बघ. बाळंतपण घरी झालं असेल तर हमखास राहिलेलं असतं.

क मात्र आईच्या ताटातून. आपल्या तासगावकडं द्राक्षं मुबलक, त्यामुळं बाया म्हणतात, "फळं खातोय की!" द्राक्षात क बेताचंच. पेरू, आवळा, लिंबू सांग. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळायचं. सासूबाई "आंबट खाल्लं की बाळाला खोकला" म्हणणारच. वाद घालू नकोस, आवळा त्यांच्याच हातात दे.

सहा महिन्यांपर्यंत अंगावरचंच दूध. उकळलेल्या वरच्या दुधात क फारसं उरत नाही.

आता डाग. कमरेखालचा जन्मतःचा निळसर चट्टा साधा असतो. मी पहिल्या वर्षी तो बघून अख्खं घर हादरवलं होतं! पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी चिकट शीही साधीच. पण हे दिसलं तर लगेच १०८:

- नाळेतून किंवा नाकातून रक्त
- नंतरच्या दिवसांत काळी किंवा रक्ताची शी
- अंगभर बारीक लाल ठिपके
- बाळ सुस्त, टाळू फुगलेली