विम्याची वाट बघायची की थेरपी आत्ताच सुरू करायची?

तू लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय 31, पुण्यात मैत्रिणीसोबत भाड्याने राहतेस, हातात 58 हजार येतात. मागच्या वर्षी बाबा गेले आणि तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच, ऑफिसात साध्या साध्या चुका व्हायला लागल्यात, एका सायकॉलॉजिस्टकडे चौकशी केलीस तर 50 मिनिटांच्या सेशनचे 1,800 सांगितले आणि सुरुवातीला दर आठवड्याला यावं लागेल म्हणाल्या. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. एजंट म्हणतोय ओपीडीवाली पॉलिसी घ्या, म्हणजे अॅडमिट न होता घेतलेल्या उपचारांचेही पैसे देणारी, तिचा वेटिंग पीरियड, म्हणजे क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, संपू दे, मग सुरू करा. साताऱ्याहून आई म्हणतेय एवढे पैसे कशाला घालवतेस, मनातलं आमच्याशी बोल की. आणि तुझा प्रश्न, ताई, खिशातून भरू की थांबू?

भर, थांबू नकोस. आता का ते सांगते, कारण नुसतं माझ्या शब्दावर तू बारा सेशनचे 21 हजार खर्च करावेस असं मला वाटत नाही.

आधी विम्याचं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे ना, त्याच्या कलम 21 मध्ये स्पष्ट लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. कायदा 2018 मध्ये लागू झाला, त्याच ऑगस्टमध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेही, कंपन्यांना तसं कळवलं, आणि 2021 मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका पॉलिसीधारकाच्या बाजूने निकाल देताना कंपनीला हेच सुनावलं. मग लोकांना वाटतं की थेरपीचं बिल मिळेल. इथेच घोळ आहे. 'सारखंच' म्हणजे काय, तर तुझी पॉलिसी मुळात अॅडमिट झाल्यावर पैसे देणारी असेल तर मनाच्या आजारासाठीही अॅडमिट झालीस तरच देणार. तापाचं औषध क्लिनिकमधून आणलंस तर मेडिक्लेम देतं का? नाही ना, तसंच हे. थेरपी म्हणजे खुर्चीत बसून बोलणं, तिथे बेड नाही, डिस्चार्ज कार्ड नाही, म्हणून ती सगळी ओपीडीत जाते. तुझी कंपनी काही लपवत नाहीये, आपल्याकडे विम्याचा साचाच तसा आहे.

आता एजंटने पाठवलेलं पान. वर्षाला 8,900 जास्तीचा प्रीमियम, ओपीडीची लिमिट 15,000, पण खाली बारीक अक्षरात बघ, समुपदेशनाची चार सेशन आणि प्रत्येकी जास्तीत जास्त 1,000. म्हणजे तुला हव्या त्या गोष्टीसाठी 8,900 देऊन 4,000 मिळणार, तेही वेटिंग पीरियड संपल्यावर. बाकीचे 11,000 वापरणार कुठे, तू वर्षातून एकदा सर्दीला डॉक्टरकडे जातेस असं स्वतःच लिहिलंयस. नको घेऊस. पॉलिसी वाईट आहे असं नाही, घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर कदाचित बसेलही हिशोबात, तुझ्या नाही बसत.

पण एक वेगळी पॉलिसी मात्र घे, साधी, हॉस्पिटलची, स्वतःच्या नावावर, कारण कंपनीचं कव्हर नोकरीसोबत जातं आणि 31 व्या वर्षी प्रीमियम हलका असतो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटीही गेलाय. फॉर्ममध्ये मानसिक त्रासाचा किंवा उपचारांचा प्रश्न आला की जे आहे ते खरं लिही. मला माहितीये की 'आधी पॉलिसी काढा, थेरपी नंतर, म्हणजे काही सांगायला नको' असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी निघाली तर अख्खी पॉलिसी धोक्यात येते. खरं लिहिलंस तर फार तर प्रीमियम थोडा चढेल किंवा त्या त्रासापुरता वेटिंग पीरियड लागेल, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, एखादी कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे अर्ज करायचा. फॉर्म आणि थेरपी दोन्ही एकाच आठवड्यात सुरू कर, एकासाठी दुसरं अडवू नकोस.

टॅक्सचंही विचारलंयस. नाही, सेशनच्या फीवर तुला सूट नाही. इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये हेल्थ विम्याच्या प्रीमियमची सूट मिळते, विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधपाण्याचीही मिळते, तुझ्या वयाला थेरपीच्या बिलाची नाही. तो विषय सोड.

आता तुझा महिना. भाडं 14,000, घरी 10,000, गाडीचा हप्ता 3,200, एसआयपी 10,000, बाकी खाणंपिणं-पेट्रोल-मोबाईल 15,000. उरतात 5,800. आठवड्याला एक म्हणजे महिन्याला 7,200, म्हणून तू म्हणतेस की परवडत नाही. पण तू कायमचा हप्ता लागल्यासारखं बघतेयस गं. आधी बारा सेशनचं बघ, आठ दर आठवड्याला आणि मग चार पंधरा दिवसांनी, असं चालेल का ते सायकॉलॉजिस्टनाच पहिल्या भेटीत विचार. 12 गुणिले 1,800 म्हणजे 21,600. तुझ्या इमर्जन्सी फंडात 1,40,000 आहेत. त्यातून हे 21,600 एकदम काढले तर 1,18,400 राहतात. एसआयपी सोडून तुझा महिन्याचा खर्च 42,200, म्हणजे सव्वातीन महिन्यांची सोय होती ती पावणेतीनवर येईल. आणि दर महिन्याचे 5,800 तू परत तिथे टाकत राहिलीस तर चौथ्या महिन्यात खड्डा भरला. एसआयपीला हात लावायचीही गरज नाही. क्रेडिट कार्डवर मात्र एकही सेशन टाकू नकोस, थकलं तर वर्षाला 36 ते 42 टक्के व्याज लागतं.

हे एकदम काढायला का सांगतेय त्याचं कारण माझ्याच खर्चाच्या वहीत आहे. धाकटा झाला त्यानंतर मला बरं वाटत नव्हतं, रडू यायचं, बाळाला हातात घ्यायची भीती वाटायची, तेव्हा मी एका बाईंकडे जायला लागले, सेशनला 800 रुपये. वही सासूबाईही बघायच्या म्हणून मी ते 800 'किराणा, इतर' मध्ये लिहायचे. अजून आहे ती वही, तांदूळ 10 किलो, तूरडाळ, आणि खाली इतर 800. दर गुरुवारी सकाळी मी नव्याने ठरवायचे की आज जाऊ का, हे 800 दुसरीकडे लागले असते का. चौथ्या आठवड्यात मोठ्याची शाळेची फी आली आणि मी फोन करून नाही येत म्हणाले. परत जायला मला सात महिने लागले. पैसे नव्हते असं नाही, होते. दर आठवड्याला स्वतःवर खर्च करायची परवानगी स्वतःकडेच मागावी लागत होती आणि तेव्हा माझ्यात तेवढं बळ नव्हतं. म्हणून सांगते, बारा वेळा ठरवू नकोस, एकदाच ठरव.

आता स्वस्तात काय होऊ शकतं तेही बघ. कंपनीचा ईएपी आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय, वर्षाला सहा सेशन फुकट, पण एचआरला कळेल म्हणून तू फोन केला नाहीस. साधारणपणे कंपनीला किती जणांनी वापरलं एवढा आकडा जातो, नावं जात नाहीत, पण तुझ्या कंपनीत काय आहे ते ईएपीवाल्यांनाच ईमेलवर विचार, लेखी उत्तर आलं आणि पटलं तर वापर. अडचण एवढीच की सहा झाल्यावर माणूस बदलायला लागू शकतो आणि बाबांचं सगळं परत पहिल्यापासून सांगायचं. सहानंतर त्यांच्याकडेच पैसे देऊन चालू ठेवता येतं का, हेही त्याच मेलमध्ये विचारून घे.

सरकारी सोयीही आहेत आणि मला त्यांच्याबद्दल लोक नाक मुरडतात ते आवडत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयातही आहे, आणि गोळी लागेल का हे ठरवायला सायकियाट्रिस्टची, म्हणजे मानसोपचार डॉक्टरची, एक भेट तिथे अगदी थोड्या पैशांत होते. गर्दी असते, दर आठवड्याला 50 मिनिटं तिथे मिळतीलच असं नाही, म्हणून तुझ्यासाठी ते थेरपीच्या जागी नाही, सोबत. झोप तीन-चार आठवड्यांत सुधारली नाही तर ही भेट घेच. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी आला तर हा सगळा हिशोब बाजूला ठेव आणि 14416 ला त्याच क्षणी फोन लाव, रात्री असेल तरी.

पैसे भरायच्या आधी एक बघ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असते, तो नंबर माग. मागायला लाजू नकोस, गॅसवाल्याकडे पावती मागतोच की आपण. समुपदेशक असतील तर शिक्षण काय आणि दुःखात असलेल्या माणसांबरोबर किती काम केलंय ते विचार. फी कमी होईल का हेही विचार, बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, आणि ऐनवेळी रद्द केलं तर पूर्ण पैसे लागतात का तेही. पावती नाव, तारीख, नोंदणी नंबर असलेली घेऊन ठेव, उद्या कंपनीने ओपीडीचा फायदा दिला तर कामी येईल. चार सेशन झाल्यावर त्यांच्याशी बोलणं जमतच नाहीये असं वाटलं तर सांगून बदल, उरलेले पैसे तुझेच आहेत.

आईचं राहिलं. तू लिहिलंयस की खातं तुमचं जॉइंट आहे आणि प्रत्येक पेमेंटचा मेसेज त्यांच्याही फोनवर जातो, म्हणून सारखं टेन्शन. त्यांना कधी सांगायचं ते तुझं तू ठरव, त्यांचाही नवरा गेलाय, कदाचित पुढे कधी त्यांनाही यायचं असेल तुझ्यासोबत. पण आत्तापुरतं फक्त तुझ्या नावाचं एक झिरो बॅलन्स खातं उघड, त्याला तुझाच नंबर दे, 21,600 त्यात टाक आणि सेशनचे पैसे तिथूनच जाऊ देत. पहिली तारीख मिळाली की मला कळव.