पन्नाशीची पद्मिनी घेऊन पुण्याहून तीन दिवस: कुठं जावं, गाडीचं काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1975 ची हँडगिअरची (गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली) प्रीमियर पद्मिनी आहे, चालू आहे पण बरेच दिवस लांबच्या रस्त्यावर गेलेली नाही. चार माणसं, तीन दिवस, जुने वाडे नि देवळं पाहायची. महाबळेश्वर-प्रतापगड करावं का?

प्रतापगड या खेपेला सोडा. अडचण महाबळेश्वरहून प्रतापगडाकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाची आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. लांब उतारावर पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड जाते आणि पेडल खाली खाली जायला लागतं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असलं तर त्यानं हवेतलं पाणी शोषलेलं असतं. ते पाणी उकळलं की पेडल थेट तळाला! त्यापेक्षा कृष्णेचं खोरं धरा: वाई, मेणवली, लिंब, माहुली, सातारा. रस्ता बराचसा सपाट आहे, आणि पाहायला महाबळेश्वरच्या बाजारापेक्षा खूप काही आहे.

आधी कागद. गाडीनं पन्नाशी ओलांडली म्हणून ‘व्हिंटेज’ नोंदणी करून घ्या, असं कोणीतरी सुचवेलच. फिरायचं असेल तर करू नका. 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. सहल त्यात बसत नाही. नेहमीची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवा. विमा, पीयूसी आणि फास्टॅग जागेवर हवेतच.

निघायच्या पंधरा दिवस आधी गाडी गॅरेजला टाका, आदल्या दिवशी नव्हे. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, चारही चाकांतले व्हील सिलिंडर (ब्रेकचे शू दाबणारे) उघडून बघा. उभ्या गाडीत त्यांची रबरं आधी मरतात. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस मारून घ्या. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा-सात वर्षं झाली असतील किंवा बाजूला बारीक भेगा असतील तर बदला, स्टेपनीसुद्धा.

पेट्रोलची नळी हा हल्लीचा नवा घोळ. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी फुगते, मऊ पडते, तिचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदाही बदला. टाकी 38 लिटरची आहे. लिटरला 12 ते 14 किलोमीटर धरलंत तरी सगळी सहल एका टाकीत होते, पण अर्ध्यावर आली की भरा. तळाचा गाळ वर येऊ देऊ नका.

सोबत घ्या: फॅन बेल्ट, डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे भाग (सीबी पॉइंट, कंडेन्सर, रोटर), दोन प्लग, मीटरभर नळी नि क्लिपा, लिटरभर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची बाटली, एक ट्यूब, 5 लिटर पाणी आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळा. पॉइंटची फट 0.45 मिमीच्या आसपास, प्लगची 0.6. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, नक्की घ्या.

पहिल्या दिवशी पहाटे सहाच्या आत पुणे सोडा, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवारी खंबाटकीच्या चढावर गाड्यांची रांग लागते आणि पद्मिनी नेमकी तिथंच तापते. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनच्या बेल्टवर फिरतात, त्यामुळे इंजिन मंद म्हणजे पंखाही मंद. काटा चढायला लागला तर गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा, न्यूट्रलमध्ये हलका रेस देऊन इंजिन चालू ठेवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

थांबून पुन्हा सुरू करताना गाडी उठलीच नाही तर लगेच पेट्रोल पंप थंड करायला त्यावर ओला फडका टाकू नका. आधी ठिणगी बघा. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून, तिला पक्कडीनं इन्सुलेशनवर धरून, टोक इंजिनच्या धातूपासून 5-6 मिमीवर आणा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोलचा वास नाही याची खात्री आधी करा. ठिणगी निळी, टणक असेल तर दोष पेट्रोलचा: नळीत वाफ धरली आहे, आता फडका टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर बहुधा कंडेन्सर. हे दोन्ही बिघाड बहुतेकदा इंजिन तापल्यावर होतात, म्हणून लोक हमखास गोंधळतात.

वाई पुण्यापासून साधारण 90 किलोमीटर. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 चं, गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं. मागच्या बाजूला जाऊन बघा: भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. मेणवली तिथून 3 किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावर टांगलेली पोर्तुगीज घंटा, 1739 च्या वसई मोहिमेतली. मुक्काम वाईलाच करा.

दुसऱ्या दिवशी पाचवडला महामार्ग गाठून आनेवाडी टोलनाक्यापुढे लिंबला वळा. बारामोटेची विहीर साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी शके 1641 ते 1646 (इ.स. 1719 ते 1724) मध्ये बांधली. वर बारा मोटांच्या जागा, आत चक्क छोटा महाल. गाडी रुंद जागा बघून गावाबाहेरच लावा आणि चालत जा. दुपारी संगम माहुली, म्हणजे कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची देवळं, मग सातारा. मुक्काम तिथंच, तिसरा दिवस परतीचा. अजिंक्यताऱ्यावर गाडी चढते, पण वळणं खडी आहेत. पहिला गिअर चालत्या गाडीत करकरतो, म्हणून वळणाआधीच पार हळू होऊन टाका. उतरताना तोच गिअर, आणि न्यूट्रल कधीच नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं (पुण्यातलं नव्हे) भवानी संग्रहालय अप्रतिम आहे, पण ते हवं असेल तर चौथा दिवस काढा.

अंधाराआधी मुक्कामाला पोहोचा. गाडीत बॅटरी चार्ज करायला आल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो असेल तर दिवे लावून मंद चालताना बॅटरी उतरते. आणि रोज संध्याकाळी, गाडी थांबल्या थांबल्या, चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एकच जास्त तापलेला असला तर त्या चाकाचा शू अडकलाय. तो सोडवल्याशिवाय सकाळी निघू नका.