गाठ नाही, तरी थायमस का काढायची?

प्रश्न : बहीण ३४ वर्षांची आहे. दीड वर्षापासून मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आहे. संध्याकाळी पापण्या मिटतात, घास गिळता येत नाही. ॲसिटिलकोलीन रिसेप्टरची (नसेचा संदेश घेणाऱ्या स्नायूतल्या भागाविरुद्धची) अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे. सीटी स्कॅनमध्ये गाठ नाही, तरी डॉक्टर थायमस (छातीच्या हाडामागची, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी) काढायला सांगतात. का? आणि गोळ्या कधी बंद होतील?

उत्तर : गाठ असती तर वादच नव्हता, ती काढावीच लागते. गाठ नसतानाही फायदा होतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२६ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. रुग्ण १८ ते ६५ वयाचे, तुमच्या बहिणीसारखीच अँटिबॉडी असलेले आणि आजाराला पाच वर्षं न झालेले होते. तीन वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांची ताकद जास्त होती आणि एक दिवसाआड घ्यायचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सरासरी ६० ऐवजी ४४ मिलिग्रॅम लागत होतं. म्हणजे डोस उतरतो, पण सावकाश. फरक दिसायला महिने, कधी दोन-तीन वर्षं लागतात. टाके निघाले म्हणून कुणी पायरिडोस्टिग्मिन (स्नायूंची ताकद वाढवणारी गोळी) बंद करू नये.

या ऑपरेशनची घाई कधीच नसते. गिळायला त्रास असताना टेबलावर घेणं धोक्याचं. आधी आयव्हीआयजी (शिरेतून दात्यांच्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलून घातक अँटिबॉडी काढणं) देऊन तब्येत स्थिर करतात आणि फुफ्फुसांची क्षमता मोजतात. भूलतज्ज्ञांना आजाराची कल्पना आधीच द्या, कारण स्नायू शिथिल करणारी औषधं या रुग्णांत नेहमीच्या मात्रेत जास्त वेळ टिकतात. जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स आणि शिरेतून मॅग्नेशियमही शक्यतो टाळायचं. ही यादी केसपेपरवर पहिल्या पानावरच हवी.

छातीचं हाड उघडून करा किंवा दुर्बिणीने, बघायचं ते एवढंच की मानेपासून श्वासपटलापर्यंतची चरबी थायमससकट निघते का. तिच्यात थायमसचे तुकडे विखुरलेले असतात. दोन्ही बाजूंना श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस अगदी चिकटून असते. ती दुखावली तर श्वासपटलाची तेवढी बाजू हलत नाही, आणि या आजारात ते परवडत नाही. म्हणून या ऑपरेशनांचा सराव असलेला सर्जन निवडा.

प्रश्न : माझी अँटिबॉडी मस्क प्रकारची (स्नायूतल्या दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धची) आहे. मीही करून घेऊ का?

उत्तर : नको. मस्कमध्ये थायमस काढून फायदा झाल्याचा पुरावा नाही. रिटुक्सिमॅब या अँटिबॉडी तयार होणं कमी करणाऱ्या औषधाबद्दल न्यूरॉलॉजिस्टशी बोला.