पीडीएफमधून आणलेल्या तुटक ओळी जोडताना

वर्डमध्ये आधी कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबून खुणा बघा. ओळीअंती उलट्या ‘पी’सारखी खूण म्हणजे पॅराग्राफ मार्क (परिच्छेद संपल्याची खूण), वाकडा बाण म्हणजे मॅन्युअल लाइन ब्रेक (परिच्छेद न संपवता फक्त ओळ तोडणारी खूण). शोधताना जी खूण असेल तीच निवडा.

एकदम सगळे मार्क उडवू नका, खरे परिच्छेदही एकमेकांत मिसळतील! परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल, तर मजकूर निवडून कंट्रोल-एच दाबून शोधा-बदलाची (फाइंड अँड रिप्लेस) खिडकी उघडा. ‘मोअर’, मग ‘स्पेशल’मधून पॅराग्राफ मार्क दोनदा घ्या, बदली ##@@ ही तात्पुरती खूण टाका. नंतर एकेरी मार्कच्या जागी एक स्पेस. शेवटी ##@@ च्या जागी पुन्हा मार्क.

जोडमार्क (लागोपाठचे दोन मार्क) सापडत नाही? बहुधा रिकाम्या ओळीत स्पेस दडलेली असते. आधी ‘स्पेस आणि मार्क’ला नुसत्या मार्कने बदला. त्याच खिडकीतल्या ‘यूज वाइल्डकार्ड्स’ या पर्यायाची टिकही काढलेली हवी. कविता, पत्ते मात्र निवडीबाहेरच ठेवा.