सेकंडहँड ‘सत्तर-दोनशे’ घेताना

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय तशी एकाच लेन्सबद्दलची विचारणा वाढली आहे : ७०-२०० एमएम, एफ २.८, म्हणजे लांबचं जवळ आणणारी आणि अंधुक उजेडातही चालणारी झूम. नव्याची किंमत ऐकून बहुतेक जण जुन्याकडे वळतात. वळावंच. फक्त नीट बघून घ्यावं. या वेळच्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

माझ्यासमोर कॅननच्या दोन ७०-२०० एफ २.८ आयएस टू (हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर असलेली दुसरी आवृत्ती) आहेत. एक लग्नाचं काम करणाऱ्या फोटोग्राफरची, रंग उडालेली, हूडवर ओरखडे. दुसरी एका हौशी गृहस्थांची, खोक्यासकट, अगदी कोरी दिसणारी. दुसरी थोडी महाग आहे. तीच घ्यावी ना? की सरळ ‘थ्री’साठी थांबू? — पंचवटी

‘थ्री’साठी थांबू नका. ‘टू’ २०१० ची, ‘थ्री’ २०१८ ची, पण आतल्या काचांची रचना तीच आहे; बदललं ते मुख्यतः कोटिंग, म्हणजे काचेवरचा चकाकी रोखणारा पातळ थर. पहाटे घाटावर सूर्य समोर ठेवून फोटो काढायचे असतील तर त्या कोटिंगचा थोडा फायदा होईल. तेवढ्यासाठी किमतीतला फरक मोजावा असं मला वाटत नाही.

आता दोन ‘टू’पैकी कोणती? मी आधी लग्नवाल्याची बघेन. लेन्स हा दागिना नाही. लग्नाच्या सीझनमध्ये ती रोज बाहेर निघते, तिला उजेड-वारा मिळतो, मोटर फिरत राहते, काही बिघडलं तर मालक त्याच आठवड्यात दुरुस्त करून आणतो, कारण त्यावर त्याचं पोट आहे. कोरी दिसणारी लेन्स मात्र किती पावसाळे बॅगेत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात काढून आली आहे, ते तिच्या बाहेरच्या रंगावरून कळत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या चामड्याच्या पाकिटालाही बुरशी येते. काचेला का येणार नाही? दोन्ही लेन्स टॉर्च मारून बघा. काच दोन्हीकडे सारखीच स्वच्छ असेल तर जी स्वस्त ती घ्या आणि ओरखडे विसरा.

एक अपवाद. फिल्टर लावायची पुढची ७७ एमएमची रिंग चेपलेली असेल तर ती लेन्स पडलेली आहे. मग रंग कितीही चांगला असो, सोडा.

निम्म्या किमतीत मिळतेय, पण आत कोळ्याच्या जाळ्यासारखी एक बारीक रेघ आहे. विकणारा म्हणतो, फोटोत काही दिसत नाही. — गंगापूर रोड

तो खोटं बोलत नाही. पुढच्या काचेवरची बारीकशी बुरशी साध्या फोटोत खरंच दिसत नाही. दिवा किंवा सूर्य चौकटीत आला की चित्र धुरकट होतं, तेव्हा ती कळते. मागच्या, म्हणजे सेन्सरजवळच्या काचेवर असेल तर लवकर कळते.

पण बुरशी नुसती बसून राहत नाही. तिच्यातून पाझरणारं आम्ल कोटिंग खातं, पुढे काचही. सुरुवातीची असेल तर कारागीर लेन्स उघडून पुसून देतो. कोटिंग खाल्लेलं असेल तर पुसल्यावरही डाग राहतो. कोणत्या अवस्थेत आहे ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय या झूममध्ये वीसच्या आसपास काचा असतात, त्या उघडून पुन्हा सरळ रेषेत बसवणं नाजूक काम आहे. त्यामुळे माझं उत्तर ‘नको’ असं आहे. निम्म्या किमतीत दुरुस्तीचा खर्च आणि धाकधूक दोन्ही घरी येतात.

घेतलेली लेन्स सांभाळायला महागडी ड्राय कॅबिनेट नसली तरी चालेल. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. बॅगेत ठेवू नका, हे मात्र कळकळीने.

विकणाऱ्याला भेटायला जातोय. अर्ध्या तासात काय काय तपासू? — सिडको

स्वतःची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), रिकामं कार्ड आणि टॉर्च घेऊन जा. भेट दिवसा, मोकळ्या जागी ठरवा. चहाच्या टपरीवरच्या ट्यूबलाइटखाली काहीही कळत नाही.

आधी दोन्ही झाकणं काढून एका बाजूने टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे चार कण असणारच, त्यांना घाबरू नका. जाळं, दुधाळ थर किंवा कडेला साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसले तर निघून या. रंग दिसले म्हणजे चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. निकॉनच्या जुन्या लेन्समधली उजेड कमी-जास्त करणारी पाती, लेन्स बॉडीवरून काढल्यावर, मिटलेली असतात. माउंटजवळची (लेन्स बॉडीला बसते तिथली) छोटी दांडी बोटाने सरकवून ती उघडा आणि सोडा. पाती झटकन मिटायला हवीत. रेंगाळली तर त्यांच्यावर तेल आलंय.

स्क्रूंच्या खाचा बघा. घासलेल्या असतील तर लेन्स उघडली गेली आहे. त्यात गैर काही नाही, पण का आणि कुणाकडे, ते विचारा.

मग बॉडीवर लावा. जवळून दूर, दूरून जवळ असा फोकस वीसएक वेळा फिरवा. मोटर किंचाळते का ते ऐका. निकॉनच्या जुन्या एएफ-एस (आत मोटर असलेल्या) लेन्समध्ये तो आवाज म्हणजे मोठ्या खर्चाची नांदी. स्टॅबिलायझर चालू करून बटण अर्धं दाबा : चित्र स्थिर व्हायला हवं, उड्या मारता कामा नये.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या गोष्टीला द्या. स्टॅबिलायझर बंद करा, लांबची एखादी पाटी निवडा, लेन्स २.८ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवा. ती पाटी आळीपाळीने चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणून दर वेळी तिथेच फोकस करा. ७० वर, १३५ वर, २०० वर. घरी किंवा तिथेच लॅपटॉपवर मोठं करून बघा. चारही कोपरे थोडे मऊ असले तर तो डिझाइनचा स्वभाव. एकच कोपरा वाहून गेलेला असेल तर आतली काच सरकली आहे, आणि हे दुखणं बाहेरून कधीच दिसत नाही.

ट्रायपॉड कॉलर आणि हूड सोबत आहेत ना? वेगळे घ्यायला गेलात तर महाग पडतात.

निकॉन डी५६०० आहे. ८०-२०० एफ २.८ डी फार स्वस्तात मिळतेय. — नाशिक रोड

तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि त्या लेन्समध्येही नाही. फोकस हाताने करावा लागेल. उद्या एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवणारा जोड) लावून निकॉनच्या मिररलेसवर नेलीत तरी तेच. काच उत्तम आहे, पण ती डी७५०० किंवा डी७५० वाल्यांसाठी; त्यांच्या बॉडीत मोटर आहे.

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायचे आहेत. ७०-२०० घेऊन त्यावर दोनपट कन्व्हर्टर (लेन्सची लांबी दुप्पट करणारा जोड) लावला तर? — निफाड

४०० एमएम होईल, पण दोनपट कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो (चौथाईच उरतो), म्हणजे २.८ ची ५.६ झाली. फोकस मंदावतो, धारही कमी होते. महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत असलेल्या या पाणथळीवर पक्षी पाण्यात लांब असतात आणि हिवाळ्यात ऊन भरपूर असतं. म्हणजे तुम्हाला लांबी हवी आहे, २.८ नको. त्याच पैशांत निकॉनची २००-५०० एफ ५.६ किंवा टॅमरॉन-सिग्माची १५०-६०० जुन्यात शोधा. वजन दोन किलोच्या आसपास, मोनोपॉड लागेल.

सत्तर-दोनशेची खरी जागा नाशिकच्या कालिदास कलामंदिरात आहे. अंधुक रंगमंचावर एफ ४ ला १/१२५ शटर मिळतं तिथे २.८ ला १/२५० मिळतं, आणि नटाचा हात गोठवायला तेच लागतं. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, नटाचा नाही.

बिल नाही म्हणतोय. घेऊ का? — इंदिरानगर

बिल हरवणं शक्य आहे. मग लेन्सवरचा सीरियल नंबर घालून, सही आणि ओळखपत्राच्या प्रतीसकट पावती लिहून मागा. द्यायला कुरकुर करत असेल तर तिथेच थांबा. मुंबईत कॅमेऱ्यांच्या बोराबाजारातून घेणार असाल तर पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. तिथे परतीची मुदत किती दिवसांची ते तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. निकॉनच्या नंबराआधी ‘यूएस’ अशी अक्षरं असली तर लेन्स अमेरिकेच्या बाजारातली आहे. ती वाईट नसते, पण इथल्या वॉरंटीची आशा धरू नका आणि भाव त्या हिशेबाने पाडून मागा.